बोर्ड बदलू नका, आधी पिनवरचे काळे पट्टे मोजा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दात मांडतो, म्हणजे मला बरोबर कळलाय की नाही ते तुम्हालाही कळेल. आई कोथरूडला घरून झूमवर शास्त्रीय गाणं शिकवतात, विंडोजचा तीन वर्षं जुना लॅपटॉप आहे. लॅपटॉपच्या स्वतःच्या माइकवर बोलणं व्यवस्थित जातं, पण तानपुरा मुलींना ऐकूच येत नाही आणि आलापात सूर लांबवला की तो मधेच बुडतो. म्हणून कॉलर माइक आणला, हेडफोनच्या भोकात लावला, तर काहीच जात नाही, उलट लॅपटॉपचे स्पीकर पण गप्प होतात. मग ब्लूटूथचे इयरबड लावून बघितले, तर आवाज जातो पण दोन्हीकडे जुन्या लँडलाइनवर बोलल्यासारखं वाटतं. आणि दुकानात नेला तर पाच मिनिटात निदान, साउंड सेक्शन गेलंय, बोर्ड म्हणजे मदरबोर्ड बदलावा लागेल, साडेनऊ हजार.

पैसे दिले नसतील तर देऊ नका. मी वीसेक वर्षं हेच करतोय, दिवसा लॅपटॉप दुरुस्ती आणि संध्याकाळी कुठे कार्यक्रम असेल तर हॉलमधे साउंड, आणि तुम्ही जे लिहिलंय त्यात बोर्ड गेल्याचं एकही लक्षण मला दिसत नाही. तुमची गडबड वेगळीच झालीये. तुम्ही तीन वेगवेगळ्या गोष्टींना एकच रोग समजताय, "माइक चालत नाही" हा. पहिल्याचं कारण झूम आहे, दुसऱ्याचं कारण पिन आहे, तिसऱ्याचं कारण ब्लूटूथ म्हणजे मुळात काय आहे ते आहे. तिघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण तीनही एकाच आठवड्यात एकाच लॅपटॉपवर घडल्या की माणसाला वाटतं लॅपटॉपच गेला, आणि समोर बोर्ड विकणारा असेल तर त्यालाही तसंच वाटतं.

नळाला पाणी येत नाही म्हणून आपण लगेच नळ बदलत नाही ना, आधी गच्चीवर जाऊन टाकीत डोकावतो. इथे टाकी म्हणजे विंडोजचं साउंड रेकॉर्डर. झूम बंद करा, ब्लूटूथ बंद करा, कॉलर माइक काढून ठेवा, आणि नुसत्या लॅपटॉपवर रेकॉर्डर उघडून आईंना तानपुऱ्यासकट दहा सेकंद सा लावायला सांगा. मग ऐका. त्यात तानपुरा आला, सूर शेवटपर्यंत टिकला, तर माइकपासून विंडोजपर्यंतची सगळी वाट मोकळी आहे, खोट त्याच्या पुढे म्हणजे झूममधे आहे. नाही आला तर खोट अलीकडे. दहा सेकंदात अर्धी वाट बाद होते, आणि गंमत म्हणजे दुकानात येणाऱ्या दहातल्या आठ-नऊ जणांनी हे केलेलंच नसतं, सगळे मीटिंगमधे समोरच्याला "ऐकू येतंय का, ऐकू येतंय का" विचारत बसतात, आणि समोरच्याचं नेट किंवा स्पीकरच गंडलेला असला तर बिचारा आपला माइक बदनाम होतो.

रेकॉर्डिंग चालू असताना अजून एक करा. स्क्रीनच्या वरच्या कडेला कॅमेऱ्याच्या आजूबाजूला टाचणीच्या टोकाएवढी दोन भोकं दिसतील, तिथून नख हळूच ओढा, नुसतं चोळल्यासारखं. रेकॉर्डिंगमधे खर्रर्र असा मोठा आवाज आला तर हाच माइक चालू आहे. नाही आला आणि बोलणं मात्र लांबून आल्यासारखं येतंय तर विंडोज भलताच माइक ऐकतंय, मग तो वेबकॅमचा असेल, कपाटात ठेवलेल्या इयरबडचा असेल (हो, केस उघडी राहिली की ते आपोआप जोडले जातात, माझ्या घरीच झालंय). काही मॉडेलमधे ही भोकं कीबोर्डच्या वर किंवा पुढच्या कडेला पण असतात, तर सगळीकडे नख फिरवून बघा. हो, आणि त्या भोकात टाचणी, सिमची पिन, दाभण असलं काही घालू नका. आतमधे तांदळाच्या दाण्याएवढा माइक असतो आणि त्याचा पडदा इतका पातळ की एकदा टोचला की संपला, कॉम्प्रेसरची हवा मारली तरी फाटू शकतो. कचरा दिसत असेल तर कोरडा मऊ ब्रश वरच्यावर फिरवा, बस. मागे हिंजवडीतली एक मुलगी महिनाभर मीटिंगमधे "तुझा आवाज दबका येतो" ऐकून वैतागून आली होती, बघितलं तर कॅमेरा झाकायची ती सरकती पट्टी चिकटवलेली, बरोब्बर माइकच्या भोकावर. मी ती दोन मिलिमीटर सरकवली. पैसे काय घ्यायचे, चहा घेतला.

आता तुमचा पहिला मुद्दा, तानपुरा गायब. यात तुमच्या लॅपटॉपची काही चूक नाही, झूम आपलं काम चोख करतंय. ही सगळी मीटिंगची सॉफ्टवेअर बोलण्यासाठी बनवलेली आहेत, आणि त्यांच्या हिशोबानं जे थांबून थांबून येतं, चढतं-उतरतं ते बोलणं, आणि जे एकसारखं न बदलता चालू राहतं तो पंखा. एसी, पंखा, मिक्सर, गाड्यांचा घुर्र आवाज. आता तुम्हीच सांगा, तानपुरा यातल्या कशासारखा आहे? एकसारखा, न थांबणारा, न बदलणारा. तो पंखाच झाला. आणि आई आठ सेकंद षड्जावर स्थिर उभ्या राहिल्या की त्याही पंखा झाल्या. जेवढा सूर पक्का, तेवढा तो लवकर कापला जाणार, नवशिक्या मुलीचा हलता सूर मात्र आरामात पोचतो! गणपतीच्या आधी नदीकाठी ढोल पथकांचा सराव सुरू झाला की हेच फीचर देवासारखं वाटतं, ते वेगळं.

तर झूमच्या सेटिंगमधे ऑडिओत जा, तिथे बॅकग्राउंड नॉइज रिमूव्हल आणि ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स असे पर्याय आहेत, त्यातला ओरिजिनल साउंडवाला निवडा, त्याच्या खालचा हाय फिडेलिटी म्युझिक मोड चालू करा. माइकचा आवाज आपोआप कमीजास्त करायची टिक असते ती काढा, नाहीतर आई खर्जात गेल्या की झूम आवाज वाढवणार आणि तार सप्तकात गेल्या की दाबणार, म्हणजे गायकीतला चढउतारच सपाट. आणि एवढं करून संपत नाही, प्रत्यक्ष मीटिंग सुरू झाल्यावर ओरिजिनल साउंडचं बटण वेगळं असतं ते चालू आहे ना हे बघावं लागतं, इथे निम्मे लोक अडकतात, सेटिंग केलेलं असतं पण बटण दाबलेलं नसतं. इको कॅन्सलेशन बंद करायचा पण पर्याय तिथेच आहे, तो फक्त आई हेडफोन लावून शिकवणार असतील तरच बंद करा. स्पीकरवर ऐकत असतील आणि ते बंद केलं तर मुलींना स्वतःचाच आवाज परत ऐकू येईल आणि वर्गाचा गोंधळ होईल.

आणि तानपुरा कशावर लावता? वेगळी पेटी असेल किंवा मोबाइलवरचं अ‍ॅप असेल तर ठीक. पण त्याच लॅपटॉपवर लावून त्याच्याच स्पीकरमधून वाजवत असाल तर इको कॅन्सलेशन त्याला बऱ्याचदा खाऊन टाकतं, कारण त्याचं कामच ते आहे, माझ्याच स्पीकरमधून निघालेला आवाज माझ्याच माइकमधून परत पाठवायचा नाही. लॅपटॉपवरच लावायचा असेल तर झूमच्या शेअरमधे कॉम्प्युटरचा साउंड शेअर करायची सोय आहे, त्यातून पाठवा, माइकमधे शिरायची गरजच नाही.

विंडोजमधे पण असलंच एक भूत बसलेलं असतं. सेटिंग, सिस्टिम, साउंड, मग इनपुटमधे तुमच्या माइकवर क्लिक केलं की ऑडिओ एन्हान्समेंट्स दिसेल, ते ऑफ करा. कंपनीनं टाकलेलं स्वतःचं नॉइज रिडक्शनचं अ‍ॅप असेल तर त्यातही बंद करा. नाहीतर झूममधली गाळणी काढली तरी मागची गाळणी तशीच राहते आणि तुम्ही म्हणणार काकांनी सांगितलेलं काही चाललं नाही.

आता कॉलर माइक, कारण बोर्डाचा सगळा बागुलबुवा इथूनच उभा राहिला. तो माइक हातात घ्या आणि पिन उजेडात धरा. पिवळट किंवा चंदेरी धातूवर काळे पट्टे दिसतील, ते मोजा. दोन पट्टे असतील तर धातूचे तुकडे तीन झाले, तीन पट्टे असतील तर चार. तुमच्या लॅपटॉपला एकच भोक आहे आणि तिथे हेडफोनला छोटा माइक जोडलेलं चित्र आहे, म्हणजे ते चार तुकड्यांच्या पिनसाठी बनवलंय. टोकाला डावा कान, मग उजवा कान, मग ग्राउंड म्हणजे सगळ्यांची परतीची समाईक वाट, आणि सगळ्यात मागे, वायरच्या बाजूला, माइक. तुमच्या माइकला दोनच पट्टे असणार, जवळजवळ खात्रीच आहे माझी, कारण तुम्ही लिहिलंय की तो लावला की लॅपटॉपचे स्पीकर गप्प होतात. का गप्प होतात? तीन तुकड्यांची पिन आत गेली की तिचा मागचा लांब तुकडा जॅकमधल्या, म्हणजे त्या भोकातल्या, ग्राउंडच्या आणि माइकच्या अशा दोन्ही पत्र्यांना एकदम टेकतो, माइकची लाइन ग्राउंडला शॉर्ट होते, आणि लॅपटॉप म्हणतो अच्छा, यात माइक नाही, नुसता हेडफोन लावलाय, मग तो स्पीकर बंद करून आवाज तिकडे पाठवतो. म्हणजे बिचारा लॅपटॉप तुमच्या माइकला हेडफोन समजून त्याच्यात गाणं ऐकवतोय. जॅक इतकं ओळखून वागतोय म्हणजे तो जिवंत आहे, मेलेला साउंड सेक्शन असं करत नाही.

यावर उपाय सव्वाशे-दीडशे रुपयांचा आहे. एका बाजूला एक पिन आणि दुसऱ्या बाजूला दोन भोकं असा वाय आकाराचा कन्व्हर्टर मिळतो, एका भोकावर हेडफोनचं चित्र, दुसऱ्यावर माइकचं. माइकच्या भोकात कॉलर माइक, हेडफोनच्या भोकात साधा हेडफोन, झालं काम, आईंना ऐकायची पण सोय झाली. पण त्याच रांगेत, त्याच पाकिटात, हुबेहूब तसाच दिसणारा दुसरा कन्व्हर्टर टांगलेला असतो, जो एका मोबाइलवर दोघांनी गाणी ऐकायसाठी असतो, तो तुमच्या काही कामाचा नाही.

कॉलर माइकबद्दल अजून दोन बारीकसारीक. काही माइकमधे वायरच्या मधोमध एक डबी असते, त्यात बटणासारखा छोटा सेल आणि कॅमेरा आणि स्मार्टफोन असं लिहिलेलं स्विच. बोया कंपनीचा जो माइक सगळ्या यूट्यूबवाल्यांकडे दिसतो त्याला हे असतं, आणि त्याच्या पिनला मुळात तीन पट्टे असतात, तर तुमचा तो निघाला तर कन्व्हर्टरची भानगडच नाही, तो तसाच लॅपटॉपला लावून स्विच स्मार्टफोनकडे ठेवायचा. आणि दुसरं, एखादा फार जुना मोबाइलचा हेडफोन लावला आणि गाणं पोकळ, गायकाचा आवाज गेल्यासारखं येतंय, पण वायरवरचं बटण दाबून धरलं की एकदम नीट येतंय, असं कधी झालं तर समजायचं की त्या पिनमधे माइक आणि ग्राउंडची जागा उलटी आहे. पूर्वी दोन पद्धती होत्या, एक ओएमटीपी आणि एक सीटीआयए, आता जवळजवळ सगळे सीटीआयए वापरतात. असे हेडफोन मी खराब म्हणून फेकलेले बघितलेत, ते खराब नसतात.

पिनच्या वायरिंगनं माणसाला किती गंडवता येतं याचा माझाच एक किस्सा सांगतो. दहा-बारा वर्षांपूर्वी एका व्याख्यानमालेचं रेकॉर्डिंग माझ्याकडे होतं. मिक्सरमधून रेकॉर्डरला जायला वायर हवी होती, एका बाजूला तीन पिनांचा मोठा एक्सएलआर, दुसऱ्या बाजूला साडेतीन एमएमची छोटी पिन, मी घाईत स्वतःच सोल्डर केली. दोन नंबर टोकाला, तीन नंबर रिंगला म्हणजे मधल्या तुकड्याला, एक नंबर ग्राउंडला. दिसायला एकदम शिस्तीत. हेडफोनवर ऐकलं, आवाज आहे, जरा डोक्याच्या आत गोल फिरल्यासारखा वाटला पण म्हटलं हॉलचा घुमारा असेल. दोन तासांचं व्याख्यान रेकॉर्ड झालं. रात्री आयोजकांचा फोन, रेकॉर्डिंगमधे काहीच नाही. म्हटलं असं कसं, मी तर ऐकलंय. ते म्हणाले मोबाइलवर लावलं तर फक्त टाळ्यांसारखं काहीतरी लांबून येतंय, वक्ता नाहीच. मी घाबरलोच. मग डोक्यात प्रकाश पडला की दोन आणि तीन नंबरवर तोच आवाज एकमेकांच्या उलटा येत असतो, एक वर जातो तेव्हा दुसरा खाली, मी एकाला डावा कान केला आणि दुसऱ्याला उजवा. हेडफोनवर दोन कानांना दोन वेगळे म्हणून ऐकू येतं, पण मोबाइलच्या एका स्पीकरमधे दोन्हीची बेरीज होते आणि बेरीज शून्य! ऑड्यासिटी या आवाज कापायच्या-जोडायच्या सॉफ्टवेअरमधे उघडून उजवा चॅनल काढून टाकला आणि नुसता डावा ठेवला, सगळं व्याख्यान जसंच्या तसं परत. तेव्हापासून कुठलंही रेकॉर्डिंग मी एकदा तरी मोबाइलच्या स्पीकरवर ऐकल्याशिवाय हॉल सोडत नाही. तुम्ही पुढेमागे आईंसाठी मोठा माइक घेतलात आणि कुणी अशी वायर बनवून दिली तर लक्षात असू द्या.

इयरबडचं फार बोलण्यासारखं नाही. ब्लूटूथला गाणी ऐकवायची एक वाट असते, ती एकतर्फी, त्यात आवाज चांगला येतो. पण त्याच इयरबडचा माइक वापरायला घेतला की तो फोनकॉलच्या वाटेवर उतरतो, तिथे दोन्हीकडचा आवाज थोड्याशा जागेत कोंबायचा असतो, सेकंदाला 8 हजार किंवा फार तर 16 हजार नमुने, म्हणजे आवाज सेकंदाला तेवढ्या वेळा मोजून पाठवायचा. सीडीत 44,100 असतात. 8 हजारवाल्या वाटेत 4 हजार हर्ट्झच्या वरचं काहीच मावत नाही, आणि तानपुऱ्याची जवारी, ती सगळी चमक, मोठ्या प्रमाणात वरच्या पट्ट्यातच असते. नुसती टणटण उरते. इयरबड कितीही महागाचे घेतले तरी बहुतेक लॅपटॉपवर आज हेच होतं. इनपुटमधे लॅपटॉपचा माइक निवडून ठेवलात आणि इयरबड फक्त ऐकायला ठेवलेत की ऐकणं सुधारेल, विंडोज 10 असेल तर यादीत त्याच इयरबडची दोन नावं दिसतात त्यातलं स्टिरिओवालं घ्या, हँड्स फ्रीवालं नको. तरी शिकवायला वायरचाच हेडफोन बरा, ब्लूटूथमधे आवाज किंचित मागे राहतो आणि गाण्याच्या माणसाला ते लगेच टोचतं.

आता एक इशारा. ओरिजिनल साउंड चालू केलं आणि कॉलर माइक सुरू झाला की तुम्हाला चौथी गोष्ट ऐकू येण्याची शक्यता आहे, जी आत्तापर्यंत झूम गुपचूप झाकत होतं. गुणगुण. मागच्या वर्षी सदाशिव पेठेतल्या एका जुन्या वाड्यात गेलो होतो, तिथल्या बाई पण गाणं शिकवतात, त्यांची तक्रार अशी की रेकॉर्डिंगमधे तानपुरा लहरतोय, घरात ऐकला तर पक्का आणि रेकॉर्डिंगमधे हलतो. मुलगा म्हणत होता आईला भास होतात. मी हेडफोन लावला तर खरंच, तानपुऱ्याच्या मागे एक घूंऽ आणि त्यात सेकंदाला चारेक वेळा येणारा हेलकावा. बाईंची पट्टी काळी चार. काळी चारचा सा साधारण 208 हर्ट्झ, म्हणजे खर्जाची तार 104. आणि आपली वीज 50 हर्ट्झची, तिची गुणगुण 50, 100, 150, 200 अशी चढत जाते. 104 च्या शेजारी 100 उभं राहिलं की दोघांच्या फरकाएवढे, सेकंदाला चार हेलकावे पडणारच, तंबोऱ्याची तार किंचित उतरली की जसे पडतात तसेच. बाईंचा कान बरोबर होता, महावितरणची वीज बेसूर होती म्हणा हवं तर. लॅपटॉपचा चार्जर काढला, हेलकावा गायब. भिंतीवरच्या सॉकेटला तिसरं भोक होतं पण आत अर्थिंगची वायरच नव्हती, जुन्या वाड्यांमधे हे सर्रास असतं आणि नव्या सोसायट्यांमधेही बघितलंय.

तर तुमच्याकडे गुणगुण आली तर आधी चार्जर काढून एक मिनिट रेकॉर्ड करा. गेली, तर तासाचा वर्ग बॅटरीवर घ्या आणि सवडीनं इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. काही शहाणे सांगतात की तीन पिनेच्या प्लगची वरची जाड पिन काढून टाका म्हणजे गुणगुण जाते, तसलं काही करू नका, ती पिन जीव वाचवायला असते.

माइकचा आवाज किती ठेवायचा हे पण लगेच सांगतो. विंडोज आणि आर दाबून एमएमएसवायएस डॉट सीपीएल हे इंग्रजीत सलग टाइप केलं की जुनी साउंडची खिडकी उघडते, मला अजून तीच आवडते. रेकॉर्डिंगच्या टॅबवर मोकळ्या जागेत राइट क्लिक करून शो डिसेबल्ड डिव्हायसेस करा, कधीकधी माइक नुसता बंद करून लपवलेला असतो. मग माइकवर डबल क्लिक, लेव्हल्स. तिथे माइक बूस्ट असेल, 10, 20, 30 डीबी. दुकानात लोक सरळ 30 करून देतात, त्यानं आवाज वाढतो तशी खरखरही वाढते आणि तान घेतली की फाटतो. 10 वर ठेवा, माइक गळ्यापासून वीतभर अंतरावर लावा, आणि आईंना त्यांची सगळ्यात जोरातली तान घ्यायला सांगून रेकॉर्डिंगच्या टॅबवर माइकशेजारी हलणारी हिरवी पट्टी शेवटपर्यंत जात नाही एवढं बघा. माइक साडीच्या काठाला नको, जरीचा काठ घासतो आणि आवाज येतो.

परवानगीचं तुमच्या बाबतीत ठीकच दिसतंय कारण बोलणं जातंय, पण कुणाचं अजिबातच काही जात नसेल तर विंडोजच्या सेटिंगमधल्या प्रायव्हसीमधे मायक्रोफोन आणि त्याच्या खालचं डेस्कटॉप अ‍ॅप्सचं बटण बघायचं, ब्राउझरवरून मीटिंग असेल तर पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर क्लिक करून ब्लॉक झालंय का बघायचं, आणि कीबोर्डच्या वरच्या ओळीत माइकवर काट मारलेलं बटण असतं त्याचा दिवा लागलाय का बघायचा. हा दिवा मी आजवर किती जणांचा विझवला असेल याची गणती नाही. ऑफिसच्या लॅपटॉपमधे ऑफिसनंच माइक बंद ठेवलेला असू शकतो, तिथे आपण हात लावायचा नाही, आयटीवाल्यांना सांगायचं. मॅकबुक मोठ्या स्क्रीनला जोडून झाकण बंद करून वापरणाऱ्यांना मी एकच सांगतो, अलीकडच्या सगळ्या मॅकबुकमधे झाकण मिटलं की आतला माइक वायरीतूनच तोडला जातो, कुठलंही सेटिंग करून तो चालू होणार नाही, झाकण उघडा. आणि ड्रायव्हरला हात लावायच्या आधी रीस्टार्ट करा, शटडाउन करून परत चालू केलेलं चालत नाही, विंडोजमधे फास्ट स्टार्टअप असेल तर शटडाउनमधे निम्मं काही तसंच झोपवून ठेवलेलं असतं आणि सकाळी तेच दुखणं घेऊन उठतं. ड्रायव्हर टाकायचाच तर लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून मॉडेल बघून, ते फुकट ड्रायव्हर अपडेटर वगैरे नकोच.

खरंच हार्डवेअर कधी जातं हेही सांगतो, नाहीतर म्हणाल हा माणूस सगळ्याला सेटिंगच म्हणतो. कॅमेरा आणि माइक दोन्ही एकदम गेले तर बिजागरीतून जाणारी वायर तुटत आलेली असते. एक, दोन, तीन मोजत रेकॉर्डिंग करा आणि झाकण हळूहळू पुढेमागे करा, ठरावीक कोनात आकडे गळत असतील तर तीच, आणि ती वायर बदलता येते, बोर्ड नाही. हेडफोन लावलेला नसताना लॅपटॉप लावलाय म्हणत असेल तर जॅकमधे कापूस-धूळ अडकलीये किंवा आतली पत्ती वाकलीये, लॅपटॉप बंद करून लाकडी टूथपिकनं हलक्या हातानं बघा. आणि समजा जॅकमागची आयसी म्हणजे साउंडची चिप खरोखर गेलीच, चहा सांडला वगैरे, तरी यूएसबीचं छोटं साउंड कार्ड दोन-तीनशेला मिळतं, अंगठ्याएवढं, ते लावलं की लॅपटॉपचं स्वतःचं साउंड सेक्शन वापरलंच जात नाही. नुसत्या माइकसाठी बोर्ड बदलायची वेळ माझ्याकडे आजवर एकदाही आलेली नाही. त्या दुकानात परत जायची हौस असेलच तर त्यांना म्हणा, माझ्यासमोर यूएसबी कार्ड लावून दाखवा.

क्रम असा ठेवा, आज रात्री रेकॉर्डरची दहा सेकंदांची चाचणी आणि झूमचं सेटिंग, याला काही विकत आणायचं नाही. त्यानंच तानपुरा पोचला तर घाई संपली. मग सवडीनं कन्व्हर्टर आणायला तापकीर गल्लीत जा, गाडी नेऊ नका, पार्किंग मिळणार नाही, वनाझहून मेट्रोनं जिल्हा न्यायालयाला (पूर्वीचं सिव्हिल कोर्ट) बदलून मंडईला उतरा आणि चालत जा. कॉलर माइक आणि लॅपटॉप दोन्ही बरोबर न्या, दुकानदारालाच लावून दाखवायला सांगा, आणि पैसे द्यायच्या आधी कन्व्हर्टरच्या पिनवरचे काळे पट्टे मोजा. तीन पाहिजेत. दोन असतील तर तो गाणी ऐकायचा आहे, परत करा.